दुसऱ्या गिअरची खरखर: स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स घरी उलगडताना

मॅन्युअल गिअरच्या मोटारीत गिअरबॉक्सकडे सर्वांत कमी लक्ष जाते. इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलले जाते, ब्रेकचे लायनर तपासले जातात, टायरची झीज तर वरूनच दिसते. गिअरबॉक्स मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या बंद पेटीत वर्षानुवर्षे काम करत राहतो आणि तक्रार करतो तीही हळूहळू. आधी गिअर थोडा जड पडतो, मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना कधीतरी ‘खर्र’ होते आणि पुढे ते रोजचेच होते. नेहमीच्या मोटारीत अशा वेळी गॅरेज गाठले जाते. जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक मात्र अनेक देशांत हे काम घरच्या गॅरेजात स्वतः करतात. हे काम कठीण आहे, पण त्यात गूढ असे काही नाही. ताकदीपेक्षा निदानाला आणि मोजमापाला त्यात अधिक महत्त्व आहे, आणि सर्वसाधारण समज याच्या नेमका उलट असतो.

उदाहरणासाठी जपानच्या मझ्दा कंपनीची पहिल्या पिढीतली एमएक्स-५ घेणे सोयीचे आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती सुरुवातीला युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. दोन माणसांची, उघड्या टपाची, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना जोर देणारी ही हलकी मोटार. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा आनंद तिने दिला, पण त्यांच्यासारखी गळकी आणि लहरी ती नव्हती. २००० साली गिनीज बुकाने जगातली सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची नोंद केली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. इतक्या मोटारी असल्यामुळे सुटे भाग मिळतात, दुरुस्तीची पुस्तिका मिळते आणि मोडीत निघालेल्या मोटारींचे गिअरबॉक्सही मिळतात. घरी काम करणाऱ्याला या तिन्ही गोष्टी मोलाच्या असतात.

गिअरबॉक्सची गरज इंजिनाच्या स्वभावातून येते. पेट्रोल इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर जोर देऊ शकत नाही आणि ठरावीक मर्यादेपलीकडे फिरूही शकत नाही. उभी मोटार हलवायला चाकांवर जोर जास्त आणि वेग कमी लागतो. हमरस्त्यावर गरज उलटी होते. ही देवघेव गिअरबॉक्स करतो. पहिल्या एमएक्स-५ च्या पाच गिअरांची गुणोत्तरे ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४ अशी आहेत आणि मागच्या डिफरन्शिअलचे ४.३००. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये मागचे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन जवळजवळ साडेतेरा वेळा फिरते. पाचव्यात फक्त साडेतीन वेळा.

पेटीच्या आत तीन शाफ्ट असतात. क्लचकडून येणारा इनपुट शाफ्ट पुढे, त्याच्या खाली समांतर असलेला काउंटरशाफ्ट आणि इनपुट शाफ्टच्याच रेषेत मागे गेलेला मेनशाफ्ट, जो मागच्या टोकाला प्रोपेलर शाफ्टशी जोडलेला असतो. इनपुट शाफ्ट आपल्या दात्यांनी काउंटरशाफ्ट फिरवतो आणि काउंटरशाफ्टवरचे गिअर मेनशाफ्टवरच्या गिअरांना फिरवतात. ‘गिअर बदलताना दात्यात दाता अडकतो’ ही सार्वत्रिक समजूत इथे चुकते. पुढे जाण्याच्या सर्व गिअरांचे दाते एकमेकांत कायमच अडकलेले असतात. मेनशाफ्टवरचे गिअर नीडल बेअरिंगवर मोकळे फिरत असतात आणि त्यांतल्या एकालाच एका वेळी शाफ्टशी घट्ट जोडणे म्हणजे गिअर टाकणे. चौथ्याचे काम आणखी सोपे: त्यात इनपुट शाफ्ट आणि मेनशाफ्ट सरळ एकमेकांना जोडले जातात, म्हणून त्याचे गुणोत्तर बरोबर एक.

ही जोडणी करणारी गोष्ट म्हणजे स्लीव्ह. मेनशाफ्टवर घट्ट बसलेल्या हबवरून ही कडी पुढेमागे सरकते आणि गिअरच्या बाजूला असलेल्या आखूड, टोकदार दात्यांवर चढते. अडचण अशी की चढण्याच्या क्षणी स्लीव्ह एका वेगाने फिरत असते आणि गिअर दुसऱ्या. दोघांचे वेग न जुळवता त्यांना जोडू पाहिले की दाते एकमेकांवर आपटतात. जुन्या मालट्रकांचे आणि बसचे चालक ‘डबल क्लच’ मारत ते यासाठीच. क्लच दोनदा दाबून, मध्ये अ‍ॅक्सिलरेटर देऊन ते हे वेग पायाने जुळवत. मोटारीतून ही कसरत घालवण्याचे श्रेय अमेरिकन अभियंता अर्ल थॉम्पसन यांच्याकडे जाते. त्यांच्या सिंक्रोमेश रचनेचा स्वीकार कॅडिलॅकने १९२८ मध्ये केला आणि पुढे तिचीच निरनिराळी रूपे जगभर पसरली.

एमएक्स-५ मध्ये जे रूप आहे त्यात मुख्य भाग पितळी सिंक्रो रिंग. ती स्लीव्ह आणि गिअर यांच्या मध्ये बसते. गिअरला एक गुळगुळीत पोलादी शंकू असतो आणि रिंगची आतली बाजू त्याच शंकूच्या मापाची, पण बारीक खाचांची. स्लीव्ह सरकू लागली की हबमधल्या तीन छोट्या चाव्या रिंगला शंकूवर दाबतात. खाचा मधले तेल कापून काढतात, पितळ पोलादाला घासते आणि घर्षणाने गिअरचा वेग स्लीव्हच्या वेगाला येऊन मिळतो. चालत्या गाडीत चढणारा माणूस आधी गाडीच्या वेगाने दोन पावले धावतो, तसे हे आहे. वेग जुळेपर्यंत रिंगचे स्वतःचे तिरपे दाते स्लीव्हची वाट अडवून धरतात. जुळताच रिंग किंचित फिरते, वाट मोकळी होते आणि स्लीव्ह आवाज न करता आत जाते. हे सगळे सेकंदाच्या छोट्या भागात घडते आणि मोटारीच्या आयुष्यात लाखो वेळा.

बहुतेक वेळा दुसराच गिअर का खरखरतो, याचे उत्तर वरच्या आकड्यांत आहे. इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर असताना पहिल्यातून दुसऱ्यात गेले तर इनपुट शाफ्ट सुमारे ३,९०० फेऱ्यांवर यायला हवा. म्हणजे क्लचप्लेट, इनपुट शाफ्ट आणि काउंटरशाफ्ट या सगळ्यांचा वेग २,६०० फेऱ्यांनी उतरवायचा आणि तो एका पितळी रिंगने. दुसऱ्यातून तिसऱ्यात हीच उतरण सुमारे १,९०० ची, तिसऱ्यातून चौथ्यात १,६०० ची आणि चौथ्यातून पाचव्यात तर १,२०० ची. त्यात शहरात दुसरा गिअर दिवसभर लागतो, वर चढतानाही आणि खाली उतरतानाही. दुसऱ्याची रिंग आधी झिजते यात नवल नाही.

पेटी उतरवण्यापूर्वीचे निदान हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि सर्वांत जास्त टाळला जाणाराही तोच. गिअर खरखरण्याचे कारण पुष्कळदा गिअरबॉक्समध्ये नसतेच. क्लच पूर्ण सुटत नसेल तर पेडल दाबूनही इंजिन इनपुट शाफ्टला थोडेफार ओढत राहते आणि कितीही नवी रिंग असली तरी ती त्याच्याशी झुंजू शकत नाही. एमएक्स-५ मध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळणे हा नित्याचा आजार आहे आणि तो भाग बाहेरच्या बाजूला, अगदी थोड्या बोल्टांवर बसलेला असतो. पारख सोपी आहे. मोटार उभी, इंजिन चालू. क्लच दाबून काही सेकंद थांबायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. जुन्या पेट्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो, त्यामुळे इनपुट शाफ्ट अजून फिरत असेल तर रिव्हर्स लगेच ओरडतो. तो ओरडला तर आधी क्लच बघावा. फक्त दुसराच खरखरत असेल आणि बाकीचे गिअर मऊ पडत असतील, तर संशय रिंगवर जातो. थंडीत सकाळी पहिली काही मिनिटे दुसरा गिअर जड पडणे ही या मोटारीची जुनी ओळख आहे. तेल तापल्यावर हा जडपणा जातो आणि तेवढ्यासाठी पेटी खोलायचे कारण नाही.

आवाजांवरूनही पुष्कळ कळते. मोटार न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग गेलेले असण्याची शक्यता मोठी. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचे रिलीज बेअरिंग. चालताना सगळ्या गिअरांत गुणगुण आणि चौथ्यात मात्र शांतता असेल तर बोट काउंटरशाफ्टच्या बेअरिंगकडे जाते, कारण चौथ्यात जोर काउंटरशाफ्टवरून जातच नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल तर स्लीव्हचे किंवा गिअरचे आखूड दाते गोल झालेले असतात, नाहीतर स्लीव्ह सरकवणारा फोर्क झिजलेला असतो, नाहीतर जागा धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग ढिली पडलेली असते. शेवटचा पुरावा तेल देते. काढलेल्या तेलात राखाडी चिखलासारखा बारीक थर असणे नेहमीचे. सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजत आहेत. पोलादाचे कण किंवा तुकडे निघाले तर नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही आणि तेव्हा मोडीतला चांगला गिअरबॉक्स घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पेटी उतरवण्यासाठी मोटार चारही बाजूंनी उचलून पक्क्या लोखंडी घोड्यांवर ठेवावी लागते. जमीन सपाट आणि काँक्रीटची हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. घरगुती दुरुस्तीत माणसे जिवानिशी जातात ती इथेच. बॅटरीची तार आधी काढली जाते, कारण स्टार्टर मोटरही सोडवायची असते. तेल काढताना भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा आणि मगच निचऱ्याच्या बोल्टला हात लावावा. तेल काढून झाले आणि भरण्याचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर मोटार जागेवरच अडकते.

पुढचा क्रम असा. मोटारीच्या आतून मधला कन्सोल आणि रबरी बूट काढून गिअरची दांडी वर उचलून घेतात. खालून सायलेन्सरचा मधला पाइप, प्रोपेलर शाफ्ट, वेगमापकाची केबल, रिव्हर्सच्या दिव्याच्या स्विचच्या वायरी आणि स्टार्टर सुटतात. स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधून ठेवतात, म्हणजे क्लचच्या नळीत हवा शिरत नाही. यानंतर या मोटारीचे वेगळेपण सामोरे येते. बहुतेक मोटारींत गिअरबॉक्सच्या शेपटाखाली आडवा आधार असतो. एमएक्स-५ मध्ये तो नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांना अ‍ॅल्युमिनियमची एक लांब तुळई एकत्र बांधते. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मोटार जी चटकन प्रतिसाद देते त्यात या तुळईचा मोठा वाटा आहे. पण ती सोडवली की गिअरबॉक्सचे शेपूट अधांतरी होते आणि इंजिन मागे कलते. म्हणून तिचे बोल्ट सुटण्याआधी इंजिनाखाली आणि गिअरबॉक्सखाली स्वतंत्र जॅक लावलेले असावेत.

पेटीचे वजन पस्तीस किलोच्या आसपास असते. ते फार वाटत नाही, पण पाठीवर झोपून छातीवर घेण्याजोगे ते नाही. गिअरबॉक्स जॅक भाड्याने मिळत असेल तर घ्यावा आणि सोबत दुसरे माणूस असावेच. बाहेर काढताना आणि पुढे परत बसवताना एक नियम काटेकोर पाळावा लागतो: पेटीचा भार क्षणभरही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. तसे झाले तर क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो आणि नव्याने बांधलेला गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी खरखरू लागतो.

पेटी टेबलावर आली की ती बाहेरून आधी रॉकेलने किंवा डिझेलने धुतात. आत माती जाऊ न देणे हा यामागचा हेतू. पुढच्या घंटेसारख्या भागातून रिलीज बेअरिंग, त्याचा फोर्क आणि इनपुट शाफ्टचे झाकण निघते. झाकणाखालचे शिम, म्हणजे मोजून घातलेल्या पातळ चकत्या, जपून ठेवायच्या. मग मागचे शेपूट निघते. ते सरळ ओढून येत नाही. गिअरच्या दांडीला जोडलेला आतला रॉड बाजूला फिरवल्यावरच मोकळे होते. इथे हातोडी उगारणाऱ्यांनी अनेक अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या तडकवल्या आहेत. एखादा भाग निघत नसेल तर एखादा बोल्ट, पिन किंवा सर्क्लिप राहिलेला असतो असे समजून पुस्तिका पुन्हा वाचावी. सिलंट लावून चिकटलेल्या सांध्यांना लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके पुरतात. पृष्ठभागाच्या मध्ये पेचकस खुपसला की कायमची गळती ओढवून घेतली जाते.

स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कचे रॉड काढताना छोट्या पोलादी गोळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा झटकन उडतात. वर कापड धरून, चुंबक जवळ ठेवून त्या काढाव्यात. रॉडांच्या मधल्या लहान पिनांकडेही लक्ष हवे. एका वेळी दोन गिअर पडू न देण्याचे काम त्या करतात आणि त्यांतली एक जरी विसरली तरी चालत्या मोटारीत दोन गिअर एकदम पडून मागची चाके जागीच जखडू शकतात.

शाफ्टच्या टोकांचे मोठे नट पातळ कडा खाचेत ठोकून पक्के केलेले असतात. ती कड छिन्नीने उचलायची, आणि शाफ्ट फिरू नये म्हणून दोन गिअर मुद्दाम एकत्र अडकवून नट सोडायचा. हे नट एकदाच वापरायचे. परत बांधताना नवेच लागतात. काही पेट्यांत असे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणून जोर लावण्याआधी पुस्तिका पाहिलेली बरी. त्यापुढे बेअरिंगे आणि हब काढायला पुलर आणि दहा-वीस टनांचा हायड्रॉलिक प्रेस लागतो. घरी नसणारे साधन बहुधा हेच. ज्यांच्याकडे प्रेस नसतो ते शाफ्ट जवळच्या मशीनशॉपमध्ये नेऊन तेवढेच काम करून घेतात, आणि त्यात काहीच कमीपणा नाही.

सुटलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने आणि ज्या दिशेने निघाला त्याच क्रमाने टेबलावर मांडायचा, त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि चिठ्ठी लावायची. हब आणि स्लीव्ह दिसायला दोन्हीकडून सारखे वाटतात, पण पुष्कळदा नसतात. उलटे बसले तर गिअर पूर्ण आत जात नाही. हब आणि स्लीव्हची जोडी एकमेकांवर घासून बसलेली असते, म्हणून मूळ स्थितीच्या खुणा मार्करने करून ठेवतात.

मग मोजमाप. सिंक्रो रिंगची पहिली परीक्षा साधी आहे: ती तिच्या शंकूवर ठेवायची, हाताने दाबून फिरवायची. चांगली रिंग लगेच धरते, झिजलेली घसरते. खरा निकाल फिलर गेज देतो. रिंग झिजते तसतशी ती शंकूवर अधिकाधिक आत जाते आणि तिची कड गिअरच्या बाजूला टेकू लागते. एकदा टेकली की दाबाचा जोर शंकूवर पडत नाही आणि घर्षण संपते. म्हणून रिंग आणि गिअर यांच्यामधली फट मोजतात. मझ्दाच्या मापांनुसार नव्या रिंगेची फट साधारण १.५ मिलिमीटर असते आणि ०.८ मिलिमीटरच्या खाली गेलेली रिंग बदलायची असते. म्हणजे गिअर मऊ पडतो की ओरडतो, हे ठरते पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी झिजेवर. फट चहूबाजूंनी मोजावी. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त निघाली तर रिंग वाकडी झालेली असते. पेटी एवढी उलगडलेली असताना फक्त दुसऱ्याची रिंग बदलून बाकीच्या जुन्या ठेवणे ही खोटी काटकसर आहे.

गिअरांचे मोठे दाते क्वचितच जातात. त्यांच्या पृष्ठभागावर खड्डे पडलेले नसतील आणि कडा तुटलेल्या नसतील तर ते पुन्हा वापरतात. आखूड दात्यांची टोके मात्र भिंगातून पाहावीत. ती टोकदार असायला हवीत. वर्षानुवर्षे खरखरत चालवलेल्या पेटीत ती गोल झालेली आढळतात आणि मग नवी रिंग घालूनही गिअर नीट पडत नाही. अशा वेळी तो गिअर आणि ती स्लीव्ह बदलावीच लागते. फोर्क स्लीव्हच्या खाचेत किती सैल आहे तेही फिलर गेजने पाहतात. मेनशाफ्ट दोन टोकांवर ठेवून डायल गेजने वाक तपासतात. बेअरिंगे धुऊन, तेल लावून हाताने सावकाश फिरवतात. कॉम्प्रेसरच्या हवेने ती गरगर फिरवू नयेत, कोरडे बेअरिंग त्यात खराब होते आणि हातालाही इजा होऊ शकते. प्रत्यक्षात बेअरिंगे आणि ऑइल सील तपासण्यापेक्षा सरसकट नवी घालणेच इष्ट. त्यांच्या किमतीपेक्षा पेटी पुन्हा उतरवण्याचे कष्ट कितीतरी महाग पडतात.

जोडणी उलट क्रमाने होते, पण वेग निम्मा ठेवूनच. नव्या रिंगा गिअरच्या तेलात भिजवून बसवतात. बेअरिंग प्रेसने बसवताना दाब फक्त शाफ्टला धरणाऱ्या आतल्या कडीवर द्यायचा; बाहेरच्या कडीवर दिला तर दाब गोळ्यांतून जातो आणि नवे बेअरिंग बसतानाच बिघडते. घट्ट बेअरिंग तापवून सैल करायचे असेल तर गरम तेलात किंवा ओव्हनमध्ये, साधारण १०० अंशांपर्यंत. ज्योत लावू नये, पोलादाचा कठीणपणा जातो. प्रत्येक गिअर बसल्यावर तो शाफ्टवर मोकळा फिरतो का आणि पुढेमागे किती हलतो ते पाहायचे. तिरप्या दात्यांचे गिअर जोर घेताना शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही ढकलतात, म्हणून ही हालचाल मोजलेली असावी लागते. नवे बेअरिंग जुन्यापेक्षा किंचित जाड किंवा पातळ असू शकते. जुनेच शिम डोळे मिटून परत घालणे चुकीचे. पेटीतल्या खाचेची खोली आणि बेअरिंगची उंची व्हर्निअरने मोजून फरकाएवढा शिम निवडतात. हिशेब मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा असतो.

पेटी बंद करण्यापूर्वी टेबलावर एक परीक्षा घेता येते आणि ती कोणीही टाळू नये. एकेक गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवायचा आणि फेऱ्या मोजायच्या. पहिल्यात मागचा शाफ्ट एकदा फिरायला पुढचा तीन फेऱ्यांहून थोडा जास्त फिरला पाहिजे, दुसऱ्यात दोनाला थोडा कमी, चौथ्यात बरोबर एक, पाचव्यात एकाहून कमी. रिव्हर्समध्ये दिशा उलटली पाहिजे. एक गिअर पडलेला असताना दुसरा टाकून पाहायचा. तो पडता कामा नये. कुठे अडखळ जाणवली तर तिचा शोध आता टेबलावरच घ्यायचा.

ही पद्धत जशीच्या तशी सगळ्या स्पोर्ट्स कारना लागू होत नाही. १९७२ ते १९८६ च्या पोर्शे ९११ मधला ९१५ या क्रमांकाचा गिअरबॉक्स पोर्शेच्या स्वतःच्या सिंक्रो रचनेचा आहे. त्यात पितळी शंकूऐवजी फटीची पोलादी रिंग असते आणि तिच्या आतल्या पट्ट्या तिला फाकवून पकड वाढवतात. शिवाय इंजिन मागे असल्यामुळे डिफरन्शिअलही त्याच पेटीत आहे, आणि त्याच्या दात्यांची गाठ बसवण्याचे मोजमाप वेगळेच कौशल्य मागते. १९८७ पासून तिथे गेट्रागचा जी-५० आला आणि सिंक्रोही बोर्ग-वॉर्नर पद्धतीचे झाले. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने डिफरन्शिअल वेगळे असलेली, एमएक्स-५ सारखी पेटी निवडावी.

पेटी परत चढवताना क्लचचा प्रश्न आपोआप येतो. इतके सगळे उतरवलेले असताना क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मध्यातले छोटे पायलट बेअरिंग नवे घालण्याचा रिवाज योग्यच आहे. १.६ लिटरच्या मोटारीत क्लच २०० मिलिमीटरचा, १.८ लिटरच्या मोटारीत २१५ मिलिमीटरचा. मागवताना हा फरक ध्यानात ठेवावा. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर तेही आत्ताच बदलायचे. क्लचप्लेट मध्यावर आणणारी प्लॅस्टिकची दांडी वापरून प्लेट बसवतात, इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात देतात आणि पेटी सरळ रेषेत पुढे सरकवतात. ती शेवटपर्यंत हातानेच जायला हवी. शेवटचा सेंटिमीटर बोल्ट आवळून ओढण्याचा मोह आवरावा. पेटी जात नाही याचा अर्थ काहीतरी रेषेत नाही. पॉवर प्लांट फ्रेमचे बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या मापाला आवळतात आणि गिअरबॉक्सच्या शेपटाची उंचीही मापात आणतात. ती चुकली तर प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात आणि मोटार ठरावीक वेगाला थरथरते.

तेलाची निवड रिंगांच्या आयुष्याशी जोडलेली आहे. एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या पेटीत २ लिटर ७५डब्ल्यू-९० तेल बसते. मझ्दा जीएल-४ आणि जीएल-५ या दोन्ही दर्जांचे तेल चालेल असे सांगते, पण अनुभवी हात जीएल-४ कडे झुकतात आणि त्याला कारण आहे. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची जादा मात्रा डिफरन्शिअलच्या दात्यांसाठी असते. काही जीएल-५ तेलांत ती पितळाला त्रासदायक ठरते, आणि फार निसरडे तेल रिंगेला हवे ते घर्षणच होऊ देत नाही. गिअरच्या दांडीच्या खोबणीत स्वतंत्र थोडे तेल असते, तेही भरून रबरी बूट बदलावेत. जुने बूट फाटलेले असतील तर इंजिनाची उष्णता आणि आवाज थेट आत येतो. काढलेले जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावे.

नव्या रिंगा आणि शंकू एकमेकांवर बसायला थोडा काळ लागतो. पहिले काही शे किलोमीटर गिअर सावकाश, इंजिनाच्या मध्यम फेऱ्यांवर बदलावेत आणि खाली उतरताना रिंगेवर भार टाकण्याऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने वेग जुळवावा. त्यानंतर पहिले तेल काढून टाकतात. त्यात पितळाची थोडी चमक आणि चुंबकावर बारीक पोलादी बुकटी असणारच. नव्या भागांची ती सुरुवातीची घासट असते. तुकडे नसतील, कुठे गळती नसेल आणि थंड पेटीतही दुसरा गिअर ओरडत नसेल, तर नवे तेल भरून पुढचा बदल नेहमीच्या मुदतीवर करायचा.